पुतळ्याखाली जमाखर्च लिहा

१८०३ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने अमेरिकन काँग्रेसकडे एका मोहिमेसाठी गुपचूप २,५०० डॉलर मागितले. मिसुरी नदीतून उगमाकडे जायचं, डोंगर ओलांडायचे आणि प्रशांत महासागर गाठायचा. अंदाजपत्रक जेफरसनचा सचिव मेरीवेदर लुइसने बनवलं होतं. जादा शस्त्रांसाठी ८१ डॉलर, औषधांसाठी ५५, मोजणीच्या उपकरणांसाठी २१७, वाहतुकीसाठी ४३०. सगळ्यांत मोठी रक्कम होती ६९६ डॉलर, आणि ती वाटेतल्या मूळनिवासी राष्ट्रांना द्यायच्या भेटवस्तूंची. शिकारी, वाटाडे आणि दुभाषे यांच्या मजुरीचे ३०० डॉलर वेगळे. प्रत्यक्षात खर्च ३८ हजारांच्या वर गेला, पण निघण्याआधीच्या कागदावर लुइसने कशाला किती वजन दिलं होतं ते या आकड्यांत स्वच्छ दिसतं. बंदुकांच्या आठपट पैसे त्याने दुसऱ्यांची मर्जी राखायला ठेवले होते.

पुढच्या पिढ्यांनी या मोहिमेचे पुतळे उभारले तेव्हा हा कागद कोणी उघडून पाहिला असेल असं वाटत नाही. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल गावात १९१९ साली बसवलेल्या पुतळ्यात लुइस आणि मोहिमेचा दुसरा कप्तान विल्यम क्लार्क ताठ उभे राहून दूर पाहताहेत आणि त्यांच्यासोबत गेलेली मूळनिवासी शोशोनी तरुणी साकागाविया त्यांच्या मागे वाकून बसली आहे. १० जुलै २०२१ रोजी हा पुतळा हलवला गेला. त्यावरून जो वाद झाला तो अजून निवलेला नाही. एका बाजूला हे दोघे म्हणजे रानात स्वतःच्या हिमतीवर वाट काढणारे वीर, दुसऱ्या बाजूला हे दोघे म्हणजे आक्रमणाची पहिली तुकडी. मोहीम दिवसेंदिवस चालली कशी, खाल्लं काय, वाट कोणी दाखवली, मोबदला काय दिला, याच्याशी दोन्ही बाजूंना फारसं देणंघेणं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पुतळा ठेवा किंवा काढा, पण जिथे जिथे या प्रवासाची सार्वजनिक आठवण जपली जाते तिथे त्याचा जमाखर्च लिहा. नावानिशी, भावानिशी, फसलेल्या गोष्टींसकट.

आधी ‘स्वतःच्या हिमतीवर’ या कल्पनेकडे बघू. १४ मे १८०४ रोजी तुकडी निघाली तेव्हा लुइस २९ वर्षांचा, क्लार्क ३३ चा आणि बाकीचे बहुतेक विशीतले. जॉर्ज शॅनन हा सगळ्यांत लहानांपैकी. ऑगस्टच्या अखेरीस तो हरवलेले घोडे शोधायला गेला. घोडे सापडले, पण बोटी पुढे गेल्या असं समजून तो एकटाच नदीकाठाने वर वर जात राहिला. बोटी मात्र त्याच्या मागे होत्या. सोळा दिवसांनी तो सापडला तेव्हा उपाशी होता. गोळ्या संपल्या होत्या. काडीचा तुकडा गोळीसारखा बंदुकीत भरून त्याने एक ससा मारला होता, बाकी गुजराण रानद्राक्षांवर. आजूबाजूला रानरेडे (बायसन) आणि हरणं चरत होती. भरल्या मुलखात हा मुलगा केवळ गोळ्यांवाचून मरायला टेकला होता, असं क्लार्कने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. एकट्या सरहद्दवीराचं कौतुक करणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावं. शिशाचा पुरवठा तुटला की हिंमत किती दिवस पुरते याचं उत्तर त्यात आहे.

हा पुरवठा सांभाळण्यात लुइस खरोखर हुशार होता, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्याने बंदुकीची दारू लाकडी पिंपात नेली नाही. शिशाचे ५२ डबे बनवून घेतले. प्रत्येक डब्याचं शिसं आठ पौंड, म्हणजे साडेतीन किलोच्या वर, आणि आत चार पौंड दारू. दारू संपली की डबा वितळवून गोळ्या ओतायच्या. आतली दारू उडवायला जेवढ्या गोळ्या लागतात तेवढंच शिसं डब्यात असेल असं प्रमाण धरलेलं होतं. रिकामं भांडं वाहायचा प्रश्न नाही, तोंडाला बूच आणि मेण. बोटी उलटायला आल्या, सामान पाण्यात भिजलं, तरी १ फेब्रुवारी १८०६ रोजी प्रशांत किनाऱ्यावर मोजणी केली तेव्हा दारूचे ३५ डबे कोरडे आणि वापरण्याजोगे निघाले. असल्या गोष्टीचा पुतळा होत नाही, पण माणसं जिवंत परत आली ती अशा गोष्टींमुळे.

त्याच लुइसने केलेली फजितीही तेवढीच शिकण्यासारखी आहे. हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात त्याने सुटी होणारी लोखंडी चौकट बनवून घेतली. डोंगराजवळ मोठ्या बोटी चालेनाशा झाल्या की चौकट जोडायची, वर कातडी चढवायची, की ३६ फुटांची हलकी नाव तयार. या चौकटीसाठी तो तिथे आठवड्याऐवजी महिनाभर अडकला. मग ती देशाच्या निम्म्या रुंदीभर वाहून नेली, मोंटानातल्या ग्रेट फॉल्सच्या पाच धबधब्यांना वळसा घालून १८ मैल ओढली. तेही कॉटनवुडच्या खोडाच्या चकत्या कापून केलेल्या चाकांवर, काटेरी निवडुंगातून, मोकासिनला, म्हणजे मऊ कातडी जोड्यांना, दुहेरी तळ शिवून. तिथे एल्क या मोठ्या हरणाची २८ आणि रेड्यांची ४ कातडी जोडून नाव उभी राहिली. पण घोडं पेंड खाल्लं ते डांबरात. शिवणी बुजवायला पाइनचा राळ लागतो आणि त्या टापूत पाइन नव्हता. लाकडी कोळशाची पूड, मेण आणि रेड्याची चरबी यांचा लेप लावून पाहिला. त्यात कातडं शिवायच्या सुयांना धारदार कडा होत्या, त्यामुळे टाक्यांची भोकं दोऱ्यापेक्षा मोठी पडली आणि कातडं वाळताच ती आणखी उघडली. ९ जुलै १८०५ ला नाव पाण्यात सोडली तेव्हा ती बुचासारखी तरंगली. संध्याकाळपर्यंत लेप कातड्यावरून सुटून गेला आणि शिवणींतून पाणी आत आलं. रेड्याच्या ज्या कातड्यांवर थोडे केस राहिले होते त्यांवर लेप टिकला होता, हेही लुइसने नोंदवलं, पण वेळ गेली होती. चौकट तिथेच पुरली. क्लार्कने माणसं घेऊन कॉटनवुडच्या दोन डोंग्या कोरल्या आणि १५ जुलैला तुकडी हलली. उन्हाळ्याचे ऐन दिवस हातातून गेले, आणि त्याची किंमत सप्टेंबरात बर्फात भरावी लागली.

या नावेचं अपयश सांगताना बरेच जण नशिबाला बोल लावतात. नशिबाचा संबंध नाही. लुइसने निघण्याआधीच असं गृहीत धरलं की पाइन सगळीकडे असेल. ज्या नदीकाठाच्या लोकांना तिथली झाडं माहीत होती त्यांना हा प्रश्न विचारला असता तर उत्तर फुकट मिळालं असतं.

जिथे विचारलं तिथे निभावलं. १८०४-०५ चा हिवाळा तुकडीने आजच्या नॉर्थ डकोटात मँडन आणि हिडात्सा या मूळनिवासी राष्ट्रांच्या गावांशेजारी काढला. ही पाच गावं, वस्ती चार हजारांच्या वर, आणि मैदानी व्यापाराची मोठी पेठ. थंडी एका सकाळी उणे ४३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरली. शिकार दुबळी, मांसावर चरबी नाही. तुकडीची भूक किती होती याचा लुइसचाच हिशेब आहे: दिवसाला चार हरणं, किंवा एक एल्क आणि एक हरीण, किंवा एक रेडा. मँडनांकडे साठवलेला मका होता, पण भेटवस्तू भराभर संपत होत्या. वाट काढली ती लोहार जॉन शील्ड्सने. त्याने भाता लावला, मँडनांची खुरपी-कुऱ्हाडी दुरुस्त केली आणि त्यांना हव्या त्या घाटाची युद्धाची कुऱ्हाड घडवून द्यायला सुरुवात केली. बोटीवरची लोखंडी शेगडी जळून निकामी झाली होती, तिचा पत्रा कापून तीन-चार इंचांचे चौकोनी तुकडे काढले. एका तुकड्याला सात-आठ गॅलन मका! फेब्रुवारी १८०५ चा हा भाव लिहून ठेवलेला आहे. दोन्ही पक्षांनी घासाघीस करून ठरवलेला, दोघांनाही परवडलेला. शाळेच्या पुस्तकांत याच प्रसंगाचं वर्णन ‘इंडियनांनी मदत केली’ एवढ्या एका ओळीत उरकतात. मदत हा शब्द इथे अपुरा आहे. शेतात मका पिकवणाऱ्या, वाळवणाऱ्या आणि जमिनीतल्या पेवात साठवणाऱ्या बायकांनी त्या हिवाळ्यात एक अख्खी लष्करी तुकडी पोसली आणि त्याचा मोबदला घेतला.

त्याआधी ऑक्टोबरात अरिकारांच्या मुलखातून जाताना एक प्रसंग घडला, तो कुठल्याही फलकावर सहसा नसतो. जॉन न्यूमन या शिपायाने बंडखोर भाषा वापरली म्हणून त्याला ७५ फटके मारले. बोटीवर पाहुणा असलेला अरिकारा सरदार ते पाहून मोठ्याने रडू लागला. कारण सांगितल्यावर शिस्त हवी हे त्याला पटलं, पण आमच्याकडे मुलांनासुद्धा कधी फटके मारत नाहीत, असं तो म्हणाला. रानटी कोण, असा नाट्यमय सवाल मी करणार नाही. फटक्यांची शिस्त त्या काळच्या अमेरिकन सैन्यात सर्वत्र होती आणि या पोरसवदा तुकडीला तिने एकत्र ठेवलं असेलही. मुद्दा असा की शिस्तीचा गौरव करायचा तर तिचं स्वरूपही लिहा.

ऑगस्ट १८०५ मध्ये मिसुरीचं पाणी संपलं आणि घोड्यांची नड लागली. घोडे शोशोनींकडे. त्यांचा सरदार कमेअवेट हा साकागावियाचा भाऊ निघाला, ही गोष्ट सगळे सांगतात. तिला लहानपणी हिडात्सांनी पळवून नेलं होतं, त्यानंतर ही पहिली भेट. यापुढचा व्यवहार मात्र कोणी सांगत नाही. पहिले घोडे एखादा कोट, काही रुमाल, सुऱ्या यांवर मिळाले. गरज ओळखल्यावर शोशोनींनी भाव चढवला. महिनाअखेरीस एका घोड्याला क्लार्कने पिस्तूल, १०० गोळ्या, दारू आणि सुरी दिली. बहीण-भावाचं प्रेम खरं आणि चढा भावही खरा. शोशोनींच्या शत्रूंकडे बंदुका होत्या, त्यांच्याकडे जवळपास नव्हत्या. त्यांना बंदूक हवी होती, भेट म्हणून मणी नको होते. यात ते कुठेही भोळे दिसत नाहीत.

आणि आता लोलोची वाट. माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल हा एक डोंगर लावतो, कारण तो तुकडीने दोनदा ओलांडला.

पहिल्यांदा सप्टेंबर १८०५. बिटररूट डोंगरांच्या पूर्वेकडून ११ तारखेला निघाले. सोबत एक म्हातारा शोशोनी वाटाड्या, पण हे डोंगर त्याच्या रोजच्या पायाखालचे नव्हते. मुख्य वाट धारेवरून जाते. तो मासेमारीच्या जागेकडे उतरणाऱ्या फाट्याने खाली गेला. चूक कळल्यावर १५ तारखेला पुन्हा उभा चढ चढावा लागला. त्या चढावर घोडे कोसळले, एक घोडा गडगडत खाली गेला आणि त्याच्यावरचं क्लार्कचं लिहायचं मेज फुटलं. दुसऱ्या दिवशी बर्फ. शिकार नाही, कारण त्या दाट, उंच जंगलात हरणांना चारा नसतो. शिंगरू मारून खाल्लं, मग दुसरं. फिलाडेल्फियाहून आणलेलं आटवलेलं सूप काढलं. त्याचे १९३ पौंड लुइसने २८९ डॉलर ५० सेंट मोजून घेतले होते, म्हणजे अंदाजपत्रकातल्या जादा शिध्याच्या सगळ्या रकमेपेक्षा जास्त. माणसांना ते मुळीच आवडलं नाही. शेवटी मेणबत्त्यांची चरबी मोजण्याची वेळ आली. २२ तारखेला सगळे खाली उतरले तेव्हा चालणंही जमत नव्हतं. अकरा-बारा दिवस लागले होते.

खाली नेझ पर्सांनी, ते स्वतःला नीमीपू म्हणतात, वाळवलेला सामन मासा आणि कॅमसचे कंद दिले. कॅमस खड्ड्यात तापलेल्या दगडांवर एक-दोन दिवस भाजतात. त्यातला न पचणारा इन्युलिन नावाचा पिष्ट भाग त्यामुळे गोड साखरेत बदलतो. पण उपाशी पोटी, नुसत्या मांसाची सवय असलेल्या माणसांनी ते एकदम भरपूर खाल्लं आणि सगळे आडवे झाले. क्लार्कने वर डॉ. रश यांच्या गोळ्या दिल्या. पारा आणि जालापच्या या जबरदस्त जुलाबाच्या गोळ्या, ५० डझन बरोबर होत्या. पोट बिघडलेल्यांना जुलाब म्हणजे आगीत तेल. त्या अवस्थेत ही तुकडी कापून काढणं कोणालाही सोपं होतं. नीमीपूंनी तसं केलं नाही. त्यांच्या मौखिक परंपरेत याचं श्रेय वॉटकुवेस या वृद्ध स्त्रीला देतात. गोऱ्यांनी पूर्वी तिला चांगलं वागवलं होतं आणि तिने या लोकांना इजा करू नका म्हणून सांगितलं. ट्विस्टेड हेअर या सरदाराने एल्कच्या पांढऱ्या कातड्यावर पुढच्या नद्यांचा नकाशा काढून दिला. अशक्त माणसांना कुऱ्हाडीने खोडं कोरता येईनात, तर आग लावून कोरायची इथली रीत वापरून पाच डोंग्या झाल्या. घोडे हिवाळाभर सांभाळायचं काम नीमीपूंनी बंदुका आणि दारूगोळ्याच्या बोलीवर घेतलं.

दुसऱ्यांदा जून १८०६. परतीच्या वाटेवर तुकडीकडे व्यापाराचा माल इतका उरला होता की दोन रुमालांत बांधता आला असता. जूनच्या आरंभी तुकडीतले यॉर्क आणि मॅकनील कोटांची कापलेली पितळी बटणं, डोळ्यांचं औषध आणि मलम घेऊन बाजाराला गेले आणि तीन बुशेल कंद घेऊन आले. मग घरी जाण्याच्या घाईत दोघा कप्तानांनी वाटाड्यांविना डोंगर चढायचं ठरवलं. १७ जूनला बारा ते पंधरा फूट बर्फात वाट दिसेना. इथे चुकलो तर उपकरणं, कागदपत्रं आणि कदाचित जीवही जाईल, हे लुइसने ओळखलं आणि सामान मचाणावर ठेवून माघार घेतली. साऱ्या प्रवासातली ही पहिली माघार.

मग दोन बंदुकांच्या बोलीवर नीमीपू तरुण आले. आधीच निघालेले दोघे धरून पाच. २४ जूनला निघाले आणि ३० ला पलीकडे. १५६ मैल, सहा दिवस. बर्फाखालची वाट यांना दिसत नव्हतीच, पण ते जिथून जात तिथे पुढे बर्फ वितळलेला तुकडा लागला की खाली नेमकी वाट सापडे. घट्ट झालेल्या बर्फावरून घोडे बुडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ते दक्षिणेकडच्या उतारावर, बर्फ सरून गवत उगवलेल्या जागी मुक्काम गाठून देत. गवत नाही मिळालं तर घोडे दुसऱ्या दिवशी चालत नाहीत, आणि डोंगरात घोडे थांबले की माणसं थांबतात. लुइसने त्यांना अप्रतिम वाटाडे म्हटलं आहे. माणसं तीच, कप्तान तेच, हिंमत तीच. फरक दोन बंदुकांच्या मजुरीवर आलेल्या पोरांचा. त्यांची नावं रोजनिशीत नाहीत.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. अट्ठावीस महिन्यांत, सुमारे आठ हजार मैलांत फक्त एक माणूस दगावला. तो सार्जंट चार्ल्स फ्लॉइड, २० ऑगस्ट १८०४ रोजी, बहुधा अपेंडिक्स फुटून, ज्यावर त्या काळात जगातल्या कुठल्याही शहरात इलाज नव्हता. हे नेतृत्वाचं यश नाही का? आहे. चुकल्यावर परत फिरणं, दारू कोरडी ठेवणं, वेळेवर भाव देऊन घोडे घेणं हे नेतृत्वच. पण पुतळ्यात दिसतं ते क्षितिजाकडे बोट. माघार घेणारा लुइस कोणत्याच चौकात उभा नाही, आणि मला तो जास्त मोठा वाटतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: जमाखर्च लिहून आक्रमण सौम्य होतं. होत नाही, उलट अधिक बोचतं. १८५५ च्या तहाने नीमीपूंकडे सुमारे ७५ लाख एकर राहिले. सोनं सापडलं आणि १८६३ च्या तहाने ते सुमारे साडेसात लाखांवर आले. १८७७ मध्ये सैन्य मागे लागलेले शेकडो नीमीपू, बायका-मुलांसह, याच लोलोच्या वाटेने पूर्वेकडे पळाले. ज्यांनी तुकडीला ही वाट सहा दिवसांत पार करून दिली त्यांच्याच पुढच्या पिढीची ही गत. ‘आक्रमणाची पहिली तुकडी’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना मात्र हे सांगायला हवं की तशा मांडणीत शोशोनी आणि नीमीपू नुसते बळी उरतात. घासाघीस करणारे, राजकारण ओळखून बंदुका मिळवणारे लोक त्यातून नाहीसे होतात.

मजुरीच्या पुस्तकातही मोठी भोकं आहेत. शिपायाला महिना पाच डॉलर. परतल्यावर काँग्रेसने दुप्पट पगार आणि ३२० एकर दिले, दोघा कप्तानांना प्रत्येकी १,६००. साकागावियाचा नवरा तूसाँ शार्बोनो याला ५०० डॉलर आणि काही सेंट. मे १८०५ मध्ये वादळात नाव कलंडली तेव्हा सुकाणूवर हाच होता आणि तो घाबरून ओरडत राहिला. पाण्यावर तरंगणारं सामान गोळा केलं ते तान्हं मूल सोबत असलेल्या साकागावियाने. तिला शून्य. आम्हाला देता आलं त्यापेक्षा तिचा हक्क मोठा होता, हे क्लार्कने नंतर शार्बोनोला पत्रात लिहिलं. क्लार्कचा गुलाम यॉर्क बंदूक घेऊन शिकार करत होता, आजाऱ्यांची सेवा करत होता, हिवाळी तळ कुठे टाकायचा याच्या मतदानात त्याचं मत नोंदलं गेलं. परतल्यावर त्याला पैसे नाहीत, जमीन नाही, स्वातंत्र्यही कित्येक वर्षं नाही.

आता करायचं काय? लुइस-क्लार्क राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग १९७८ पासून कायद्याने आहे, २०१९ मध्ये तो पिट्सबर्गपर्यंत वाढवला, सोळा राज्यांतून सुमारे ४,९०० मैल. त्याचं प्रशासन नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. म्हणजे नव्या चौथऱ्यांचा खर्च न करता फलकांवरचा मजकूर बदलता येतो. लोलो घाटातल्या फलकावर १८०५ आणि १८०६ चे दिवस शेजारी शेजारी छापा, वाटाड्यांच्या मजुरीसह. ग्रेट फॉल्सला लोखंडी नावेच्या शिवणीचा नमुना ठेवा, भोकं आणि दोरा दोन्ही दिसतील असा. नॉर्थ डकोटात शेगडीच्या पत्र्याचा तुकडा आणि त्याच्या मक्याचं माप एका पेटीत. मजकूर कोण लिहील हाही प्रश्न आहे, आणि त्यावर माझं मत ठाम आहे: ज्या राष्ट्राच्या मुलखातला फलक, त्याच्याच माणसांनी मसुदा करावा, पार्क सर्व्हिसने फक्त आकडे तपासावेत. द्विशताब्दीच्या वर्षांत, २००३ ते २००६, फिरत्या तंबूत मूळनिवासी वक्त्यांना व्यासपीठ दिलं होतं. तंबू उचलला गेला, फलक जुनेच राहिले.

हिशेब मिटवता येतो याचा एक दाखलाही आहे. मार्च १८०६ मध्ये किनारा सोडताना तुकडीला एक होडी कमी पडत होती, आणि मागितलेल्या किमतीला देण्याजोगा माल उरला नव्हता. तेव्हा त्यांनी क्लॅटसॉपांची एक होडी सरळ चोरली. २०११ मध्ये क्लार्कच्या वंशजांनी तशीच होडी बनवून घेऊन, क्लॅटसॉप ज्यात मोडतात त्या शिनूक राष्ट्राला परत केली. २०५ वर्षं उशिरा, पण वस्तूला वस्तू. यॉर्कला जानेवारी २००१ मध्ये मानद सार्जंटचा हुद्दा मिळाला, पगार नाही. त्याचं येणं काढायला इतिहासकारही लागत नाही: महिना पाच डॉलर, इतरांप्रमाणे दुप्पट, अधिक ३२० एकर. हे देण्याचा ठराव काँग्रेसमध्ये कोणीतरी मांडायला हवा, आणि तो मंजूर होईपर्यंत ही रक्कम ‘बाकी’ म्हणून मार्गावरच्या प्रत्येक माहिती केंद्रात छापलेली असायला हवी.